सेलममध्ये चेटकिणींना जाळलं होतं का? खुलासा

"अमेरिकेतल्या सेलममध्ये शेकडो चेटकिणींना जिवंत जाळलं", हा फॉरवर्ड अधूनमधून येतोच.

सेलम म्हणजे मॅसॅच्युसेट्समधलं जुनं बंदराचं छोटं शहर, एसेक्स काउंटीचं मुख्य ठिकाण. 1692 मध्ये तिथे खटले झाले हे खरंय, दीडशेच्या वर लोकांवर आरोप झाले, पण जाळलं एकालाही नाही. 19 जणांना फाशी दिली (त्यात 5 पुरुष होते, म्हणजे फक्त बायका हेही चूक), एका ऐंशीच्या आसपासच्या म्हाताऱ्याने आरोपाला उत्तरच द्यायला नकार दिला म्हणून त्याच्या अंगावर दगड रचत रचत मारला, आणि काही जण जेलमध्येच वारले.

जाळलं का नाही? तिथे इंग्लिश कायदा चालायचा आणि त्यात चेटूक या गुन्ह्याला शिक्षा फाशीचीच. जाळायचे ते जर्मनी, स्कॉटलंडकडे, त्या गोष्टी यात मिसळल्या असाव्यात.

चेक करायचं तर कोर्टाचे जुने कागद ऑनलाइन आहेत, जून 1692 चं पहिल्या फाशीचं वॉरंट बघा, जीव जाईपर्यंत गळ्याला फास लावून टांगा असं सरळ लिहिलंय, खाली शेरीफने हुकूम बजावल्याची नोंदही. आणि सेलमला गेलात तर जुन्या कबरस्तानाला लागून स्मारकात दगडी बाकं आहेत, प्रत्येकावर नाव, तारीख आणि मरण कसं आलं ते कोरलंय.