रुपयाला पैसा: आण्यांच्या काळातला हिशेब आणि आजचं व्याज

गावात किंवा बाजारात खासगी उसनवारी करताना व्याज विचारलं, तर ‘दोन टक्के’, ‘तीन टक्के’ असं उत्तर मिळतं. हे टक्के महिन्याचे असतात, पण तसं कोणी बोलून दाखवत नाही, कारण ते गृहीतच धरलेलं असतं. बँकेच्या पाटीवरचे १२ टक्के मात्र वर्षाचे. नडलेला माणूस दोन्ही आकडे शेजारी ठेवतो आणि त्याला तीन कमी वाटतात. वर्षाचा हिशेब केला तर ते ३६ होतात. व्याज रुपयावर आणि महिन्यावर मोजायची ही सवय सोळा आण्यांच्या रुपयाच्या काळातली आहे.

त्या रुपयात १६ आणे, आण्यात ४ पैसे आणि पैशात ३ पै. म्हणजे रुपयाचे ६४ पैसे किंवा १९२ पै. आज हे किचकट वाटतं, पण रोजच्या बाजाराला ते सोयीचं होतं, कारण अर्धं करत गेलं की प्रत्येक टप्प्यावर हातात एक नाणं येई: आठ आण्यांची अधेली, चार आण्यांची पावली, दोन आण्यांची चवली, मग आणा, अर्धा आणा, पैसा. वजनंही तशीच उतरत जायची: शेर, अच्छेर, पावशेर, नवटाक, छटाक. शेराचे छटाक सोळा आणि रुपयाचे आणेही सोळाच, त्यामुळे शेराचा भाव जितके रुपये तितके आणे छटाकाला. तूप पाच रुपये शेर असेल तर छटाकाला पाच आणे. साडेतीन रुपये शेर असेल तर साडेतीन आणे. कागद-पेन्सिल लागतच नव्हती. ब्रिटिश अमलातला रुपया १८० ग्रेन वजनाचा, बरोबर एक तोळा (सुमारे ११.६६ ग्रॅम), म्हणून पाच रुपये तराजूत टाकले की छटाकाचं वजन तयार. अर्थात हे ८० तोळ्यांच्या पक्क्या शेराचं गणित. गावोगावचे शेर वेगळे होते आणि परक्या बाजारात माणूस फसायचा तो बहुधा तिथेच.

शाळेत पाढ्यांच्या जोडीला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी (साडेतीनपट) घोकून घेत, ते याच व्यवहारासाठी. पावकी पाठ असलेल्या बाईला वाणी फसवू शकत नसे.

व्याजाची बोलीही याच साच्यातली होती: रुपयाला महिना पैसा, दोन पैसे, आणा. शंभर रुपयांवर रुपयाला पैसा म्हणजे महिन्याला १०० पैसे, म्हणजे एक रुपया नऊ आणे. महिन्याचा दर १.५६ टक्के, वर्षाचा १८.७५. दोन पैशांनी तो ३७.५ होतो आणि आण्याने ७५. ‘आणा’ म्हटल्यावर मात्र रक्कम केवढी क्षुल्लक वाटते! कर्जदाराला हा दर महागात पडे तो इथेच: नाणं लहान, मुदत लहान, म्हणून व्याजही लहान भासे. थकलेलं व्याज मुदलात मिळवून नवा कागद लिहिला की पुढचा आणा त्या वाढलेल्या रकमेवर लागे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यात सुपे इथे बाजाराच्या दिवशी सावकारांविरुद्ध शेतकऱ्यांचा दंगा उसळला, तेव्हा लोकांनी आधी सावकारांकडचे कर्जरोखे मागितले आणि जाळले; कागदातच सगळं अडकलं होतं. नंतरच्या १८७९ च्या दख्खन कृषक साहाय्य कायद्याने न्यायालयाला रोख्याच्या मागे जाऊन, मुळात किती रुपये हातात दिले होते इथपासून हिशेब तपासण्याची मुभा दिली. आपल्याकडचा जुना दामदुपटीचा नियमही (एका वेळी वसूल होणारं व्याज मुदलापेक्षा जास्त नको) मुंबई इलाख्यात न्यायालयं मानत होती.

१ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर ‘नवे पैसे’ झाले. चार आण्यांचे २५, आठ आण्यांचे ५०, बारा आण्यांचे ७५, इथपर्यंत हिशेब चोख बसला. अडचण मधल्या रकमांची. एक आणा म्हणजे ६.२५ नवे पैसे. सरकारी तक्त्यात एक आण्याला ६, दोन आण्यांना १२, तीन आण्यांना १९. जुना पैसा १.५६ नव्या पैशांचा, तो तक्त्यात २ झाला. सगळ्या खरेदीची बेरीज करून शेवटी एकदाच तक्ता लावला तर फरक नगण्य राहतो. पण आण्याला मिळणारी वस्तू सुटी-सुटी घेणाऱ्याचं तसं होत नाही. आण्याच्या चहाचे सहा घेतले तर सोळा कपांना ९६ होतात, सात घेतले तर ११२, आणि पूर्वी तेवढेच सोळा कप एका रुपयात मिळत. फुटकळ खरेदी करणारा गरीब गिऱ्हाईकच या पावपैशाच्या फरकात सापडत होता, आणि त्याची तक्रार रास्त होती.

जुनी-नवी नाणी काही वर्षं एकत्र चालली. १ जून १९६४ ला ‘नवे’ हा शब्द गळला आणि नुसता पैसा उरला. व्याजाच्या बोलीत यामुळे एक बदल झाला. ‘रुपयाला पैसा’ आता महिन्याला बरोबर एक टक्का, वर्षाला १२. पैसा आणि टक्का एकच झाले आणि पैशाची जागा टक्क्याने घेतली. मुदत मात्र महिन्याचीच राहिली. ‘दोन टक्के’ महिन्याचे असतात ते यामुळे.

चौथाईची सवय इतरत्रही टिकली. किलो आला तरी मंडईत मिरच्या पावशेर मागितल्या जातात आणि त्या २५० ग्रॅम मिळतात. पूजेची दक्षिणा सव्वा रुपया, म्हणजे एक रुपया चार आणे. ३० जून २०११ नंतर २५ पैसे आणि त्याखालची नाणी चलनातून गेल्यावर सव्वा रुपया नाण्यांत देताच येत नाही; ताटात अकरा किंवा एकवीस पडतात. पन्नास पैशांचं नाणं आजही वैध आहे, एका व्यवहारात दहा रुपयांपर्यंत. दुकानदार ते नाकारतात, ते चूक आहे.

व्याजाची सवय इतकी निरुपद्रवी नाही. खासगी कर्ज घेताना तीन गोष्टी विचाराव्यात: टक्के महिन्याचे की वर्षाचे, पहिलं व्याज आधीच कापणार का, आणि हप्त्यागणिक मुद्दल घटताना व्याजही घटणार का. हातगाडीवाल्यांमध्ये रुळलेला एक प्रकार पाहा. कागदावर दहा हजार, हातात नऊ हजार, आणि शंभर दिवस रोज शंभर रुपये भरायचे. याला ‘दहा टक्के’ म्हणतात. पण मुद्दल पहिल्या दिवसापासून फिटत असतं, त्यामुळे शंभर दिवसांत सरासरी साडेचार हजारांच्या आसपासच पैसे त्याच्याकडे राहतात आणि हजार रुपये व्याज पडतं ते तेवढ्यावर. नीट गणित केलं तर दर महिन्याला सुमारे ६.४ टक्के येतो, वर्षाला ७५ च्या वर. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी (नियमन) कायद्याखाली परवानाधारक सावकाराला बिगरशेती विनातारण कर्जावर वर्षाला १८ टक्क्यांपर्यंतच व्याज घेता येतं. हातगाडीवाला भरतो तो दर जुन्या भाषेत रुपयाला महिना एक आण्याहूनही किंचित जास्त आहे.