सीताबर्डी

सीताबर्डी : नागपूर शहराच्या मध्यभागी असलेली टेकडी, तिच्यावरचा किल्ला आणि पायथ्याची बाजारवस्ती यांना मिळून असलेले नाव. नागपूरकरांच्या तोंडी नुसती ‘बर्डी’. २६ व २७ नोव्हेंबर १८१७ रोजी नागपूरकर भोसले आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात येथे लढाई झाली, आणि भोसल्यांचे राज्य नावापुरते उरले.

त्या वेळी ही वस्ती शहराबाहेर होती. भोसल्यांचे नागपूर म्हणजे महाल आणि भोवतीच्या पेठा. शुक्रवारी तलाव (जुम्मा तलाव, आताचा गांधीसागर) ओलांडून पश्चिमेला गेले की माळ लागे. माळावर टेकडी, पायथ्याशी मातीच्या झोपड्या आणि पश्चिम अंगाला इंग्रज रेसिडेंटाचा (भोसल्यांच्या दरबारातील कंपनीच्या प्रतिनिधीचा) बंगला. शीतलाप्रसाद व बद्रीप्रसाद या दोन गवळी भावांवरून ‘शीतलाबद्री’ आणि त्यावरून सीताबर्डी झाले, असे सांगतात. ती लोकव्युत्पत्तीच समजावी. मुरमाड, खडकाळ जमिनीला विदर्भात बरड म्हणतात, आणि ही टेकडी तशीच आहे. ‘बुलडी’ हे रूप इंग्रजी कागदपत्रांनी रूढ केले.

लढाई कळायची तर आधी जागा कळली पाहिजे. टेकडी एक नव्हे, दोन आहेत : दक्षिणेची मोठी, उत्तरेची लहान आणि मध्ये सखल खिंड. दोन्हींतले अंतर जेमतेम तीनशे यार्ड, म्हणजे लहान टेकडी ज्याच्या हाती तो मोठीवर सहज मारा करणार. शिवाय झोपड्या लहान टेकडीला इतक्या खेटून होत्या की त्यांच्या आडोशाने बंदूकधारी अगदी जवळ येऊन बसू शकत. वर तटबंदी नव्हती. कातळ असल्याने खंदक खणणेही शक्य नव्हते. आडोसा केला तो धान्याची पोती रचून.

नागपूरचे राजे आप्पासाहेब (दुसरे मुधोजी) भोसले यांनी २४ नोव्हेंबरला, कंपनीशी तेव्हा लढत असलेल्या पेशव्यांकडून आलेली सेनापतीपदाची वस्त्रे उघड दरबारात स्वीकारली. रेसिडेंट रिचर्ड जेन्किन्स याने ओळखायचे ते ओळखले आणि तेलंगखेडीच्या छावणीतली फौज टेकडीवर आणवली. लेफ्टनंट कर्नल स्कॉट याच्या हाताखाली मद्रासच्या २० व २४ क्रमांकाच्या पलटणी, बंगाल रिसाल्याच्या तीन तुकड्या आणि सहा पौंडी चार तोफा होत्या. माणसे दीड हजारांच्या आत. भोसल्यांकडे सुमारे अठरा हजार फौज, त्यात तीन-चार हजार अरब.

२६ तारखेला सांज होताच गोळीबार सुरू झाला आणि मध्यरात्र उलटली तरी चालूच राहिला. सगळा भार लहान टेकडीवर पडला. २४ व्या पलटणीची तिथली तुकडी इतकी खिळखिळी झाली की पहाटे ती बदलावी लागली. सकाळी नऊच्या सुमारास टेकडीवरच्या दारूगोळ्याच्या गाड्याचा भडका उडाला. त्या गोंधळात अरब वर घुसले, टेकडी घेतली आणि तिथलीच तोफ मोठ्या टेकडीकडे वळवली. डाव इथपर्यंत भोसल्यांचा होता.

तो फिरला खालच्या मैदानात. कॅप्टन फिट्झगेराल्ड याने वरिष्ठांची नीट परवानगी नसताना रिसाला घालून भोसल्यांनी पुढे आणलेल्या दोन तोफा पकडल्या आणि त्या त्यांच्याच घोडदळावर डागल्या. भोसल्यांनी तोफा पुढे आणल्या, पण त्यांच्याजवळ पायदळ ठेवले नाही. चूक ही होती. वर अरब एकटे लढत होते, खाली हजारो स्वार नुसते घेरून उभे होते, आणि दोघांचा मेळ घालणारे कोणी नव्हते. त्यातच लहान टेकडीवर पुन्हा दारूचा स्फोट झाला. इंग्रज शिपायांनी संगिनी लावून ती परत घेतली आणि दुपारपर्यंत सारे आटोपले. कंपनीचे मेलेले व जखमी मिळून ३६७; म्हणजे दर चार माणसांत एक, म्हणून या विजयाला सोपा म्हणता येत नाही.

पुढे कंपनीचा जनरल डव्हटन फौज घेऊन आला. १६ डिसेंबरला सक्करदऱ्याची लढाई झाली. महालात अडून बसलेल्या अरबांनी जुम्मा दरवाजावरचा (आताचा गांधी गेट) २४ डिसेंबरचा हल्ला परतवला आणि अखेर अटी ठरवून शहर सोडले. जानेवारी १८१८ च्या तहाने टेकडी कंपनीकडे गेली. आजचा किल्ला त्यानंतरचा आहे, तेव्हा ‘सीताबर्डीच्या किल्ल्यावर लढाई झाली’ हे नेहमी ऐकू येणारे वाक्य चूक. लढाई झाली तेव्हा किल्लाच नव्हता. पुढे कंपनीने कैद केलेले आप्पासाहेब मे १८१८ मध्ये कैदेतून निसटले. १८४० मध्ये जोधपूर येथे त्यांचे निधन झाले.

राजवाडा महालात राहिला, सत्ता मात्र टेकडीच्या पश्चिमेला गेली. १८५४ मध्ये राज्य खालसा झाले, १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला आणि सिव्हिल लाइन्स वसली. १८६७ मध्ये रेल्वे आली ती टेकडीच्या पूर्वेने, नेमकी जुने शहर आणि बर्डी यांच्या मधून. महालातून बर्डीला जायचे म्हणजे रूळ ओलांडणे आले. त्यासाठीच्या जुन्या वाटांपैकी एक लोहापूल. जोराच्या पावसात त्याच्याखाली पाणी तुंबते आणि दोन्हीकडच्या गाड्या अडकून पडतात.

व्हरायटी चौक ते लोहापूल हा मेन रोड आणि त्याला फुटणाऱ्या मोदी नंबर एक, दोन, तीन या गल्ल्या म्हणजे आजचा बर्डी बाजार. रविवारी दुकाने बंद असली तरी फुटपाथवर कपड्यांचा बाजार भरतो. मेट्रोच्या दोन्ही मार्गिका सीताबर्डी स्थानकात एकमेकींना छेदतात. रेल्वे स्टेशनच्या बाजूला टेकडी गणपतीचे देऊळ आहे. किल्ला लष्कराच्या ताब्यात असून तो २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट या तीन दिवशीच लोकांना खुला होतो. लढाईच्या तारखेला, २६ नोव्हेंबरला, गेलात तर फाटकावरूनच परतावे लागेल.