आखातात जाताना: कायदा कुठला आणि रीत कुठली

दापोली, खेड, मंडणगडापासून श्रीवर्धन-म्हसळ्यापर्यंतच्या गावांतून माणसं कित्येक वर्षं कुवेत, कतार, सौदी, दुबईला कामाला जात आहेत. निघणाऱ्याला सल्ले भरपूर मिळतात. डाव्या हाताने काही देऊ नकोस, रमजानात बाहेर खाऊ नकोस, कुणाचे फोटो काढू नकोस, पानबिन घेऊन जाऊ नकोस. सगळं एका दमात सांगितलं जातं आणि घोळ तिथेच होतो. यातली काही तिथली रीत आहे, काही तिथला कायदा. रीत चुकली तर यजमान परका माणूस म्हणून सांभाळून घेतो. कायदा चुकला तर ‘मला माहीत नव्हतं’ हे ऐकून घेतलं जात नाही. दंड, कोठडी आणि वेळप्रसंगी नोकरी घालवून परत पाठवणी.

नवखा माणूस नेमका उलटा वागतो. कुणाच्या घरी जेवायला बसताना घाबरून जातो, आणि बॅग मात्र बिनधास्त भरतो.

बॅगेतली सगळ्यात धोक्याची वस्तू आपल्या फळीवरच्या डब्यात असते: खसखस. ती अफूच्या बोंडातलं बी, आणि तिला बोंडाच्या चिकाचा अंश चिकटलेला असू शकतो. यूएई (संयुक्त अरब अमिराती; दुबई, शारजा त्यातच) आणि सौदीत तिच्यावर बंदी आहे. आपल्याकडे ती अनारशाला लागते, करंजीच्या सारणात पडते आणि घरोघरच्या मालवणी मसाल्यात भाजून दळली जाते. मसाल्यात ती डोळ्यांना दिसत नाही, म्हणून कुणाच्या लक्षातही राहत नाही. तेव्हा परदेशी न्यायचा मसाला वेगळा भाजावा, खसखस वगळून; दाटपणा नाहीतरी खोबऱ्याच्या वाटपाने येतोच. दळण्याआधी मिक्सरचं भांडं धुऊन कोरडं करावं आणि जुन्या मसाल्याचा डबा परत वापरू नये. अनारशांना तीळ लावावेत. बाजारचं पाकीट असेल तर मागची घटकांची यादी वाचावी.

शेजारच्या काकूंनी मुलासाठी शिवून दिलेलं पार्सल न उघडता नेऊ नये. नाही म्हणणं जड जातं, पण सामानाचा मालक म्हणून बोर्डिंग पास असलेला माणूसच धरला जातो. विड्याची पानं आणि गुटखा घरीच ठेवा. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध किंवा ट्रामाडोलसारखी वेदनाशामक गोळी लागत असेल, तर यूएईसाठी तिथल्या सरकारची ऑनलाइन परवानगी निघण्याआधी घ्यावी लागते. डॉक्टरची चिठ्ठी आणि औषधाचं मूळ वेष्टन जवळ ठेवावं. सुट्या गोळ्या डबीत भरून नेऊ नयेत.

फोनचंही तसंच. भांडणात व्हॉट्सॲपवर शिवी पाठवणं आपल्याकडे दोन दिवसांत विसरलं जातं. यूएईत तो सायबर गुन्हा ठरतो. परवानगीविना दुसऱ्याचा फोटो काढणंही तसंच. दुबई मेट्रोत च्युइंगगम चघळलं तरी १०० दिऱ्हॅम दंड.

आता रीत. अरबी घरात कॉफी आली की नवखे बिचकतात. वाढणारा डाव्या हातात दल्ला, म्हणजे चोचीची कॉफीदाणी, धरून उजव्या हाताने बिनकानाचा छोटा पेला, फिंजान, पुढे करतो. तोही उजव्याच हाताने घ्यायचा. पेला जेमतेम तळ झाकण्याइतका भरलेला दिसला, तर तो कंजूषपणा नव्हे. काठोकाठ भरणं पाहुण्याला ‘आता निघा’ सुचवण्यासारखं मानतात. रिकामा पेला नुसता परत दिला की पुन्हा भरून येतो. पुरे झालं असेल तर दोन बोटांत धरून हलकेच डावी-उजवीकडे हलवून द्यायचा. हे चुकलं तर जास्तीत जास्त आणखी एक कॉफी प्यावी लागेल. स्त्रियांशी हस्तांदोलन त्यांनी हात पुढे केला तरच करावं, आणि यजमानाच्या बायकोची थेट चौकशी करण्याऐवजी ‘घरचे कसे आहेत’ एवढंच विचारावं.

खरी पंचाईत रीत आणि कायदा यांच्या सरहद्दीपाशी होते. रमजानात दिवसा उघड्यावर खाणं कुवेतमध्ये १९६८ च्या कायद्याने गुन्हा आहे: १०० दिनारांपर्यंत दंड किंवा एक महिन्यापर्यंत कैद, किंवा दोन्ही. दुबईत २०२१ पासून हॉटेलांना दिवसा पडदे लावण्याची सक्ती राहिली नाही. तरी रोजा असलेल्या सहकाऱ्यासमोर डबा उघडू नये, ही माणुसकीची रीत आहेच. दारूचंही तसंच. दुबईत परवाना असलेल्या ठिकाणी ती मिळते, तर कुवेतमध्ये पूर्ण बंदी. शारजाही कोरडं आहे. भाडं कमी म्हणून शारजात राहून दुबईत कामाला जाणारे पुष्कळ असतात. दोन्ही शहरं एकमेकांना लागून आहेत, पण दुबईत घेतलेली बाटली खोलीवर आणली तर लागू होतो शारजाचा नियम. म्हणून ‘आखातात चालतं’ हे वाक्य कुणाच्याही तोंडून ऐकलं तरी मानू नये. कुठल्या देशात, कुठल्या शहरात, हे विचारावं. आणि सांगणारा परतून दहा वर्षं झाली असतील तर पुन्हा तपासावं, कारण नियम झपाट्याने बदलत आहेत.

पोलिसांनी अरबी कागद पुढे केला आणि वाचता येत नसेल तर सही करण्याआधी दुभाषा मागावा. यूएईत भारतीय कामगारांसाठी प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा ८०० ४६३४२ हा टोल-फ्री नंबर आहे. तो फोनमध्येच नव्हे, पाकिटातल्या चिठ्ठीवरही लिहून ठेवावा, कारण अशा वेळी फोन काढून घेतला जाऊ शकतो.