वांगं अडलं, तेल आलं
परवा दादरला वाण्याकडे फरसाण घेताना सहज पाकीट उलटं केलं, चष्मा पुसून बारीक अक्षरं वाचली, तर खाद्यतेल म्हणून सरकीचं तेल लिहिलेलं. आई म्हणाली, अरे चल ना, परीक्षा आहे का त्यावर! पण डोक्यात किडा शिरला तो शिरलाच.

सरकी म्हणजे कापसाचं बी, आणि आपल्याकडचा बहुतेक कापूस बीटी, 2002 साली परवानगी मिळाली तेव्हापासून वाढत गेलेला. मातीतल्या बीटी नावाच्या एका जिवाणूचा जीन कपाशीत घातलाय, त्यामुळे झाड स्वतःच एक प्रोटीन बनवतं, ते बोंडअळीच्या आतड्यात पेशींना चिकटतं आणि भोकं पाडतं. आपल्या आतड्यात त्याला चिकटायला तशी जागाच नाही. (गुलाबी बोंडअळी आता त्याला जुमानत नाही, तो वेगळा विषय.)

मग पाकिटावर काही लिहिलेलं का नाही? नियम आहे बरं का, 1 जानेवारी 2013 पासून, जीएम अन्न (म्हणजे असा जीन बदललेल्या पिकापासूनचं) असेल तर पाकिटाच्या दर्शनी भागावर सगळ्यात वर जीएम ही अक्षरं हवीत. मी तरी आजवर एकदाही बघितली नाहीयेत, मला जीएम येतं ते फक्त व्हॉट्सअॅपवर, सकाळी सकाळी, गुलाबाच्या फुलासकट.

खरी गोची तेलातच आहे. लॅबवाले जीएम शोधतात ते पीसीआर करून, म्हणजे डीएनएचा तो ठरावीक तुकडा सापडतो का बघायचं. पण रिफाइंड तेल इतकं धुतलं, गाळलं, तापवलं जातं की त्यात डीएनए आणि प्रोटीन जवळपास उरतच नाही, मग बीटीचं तेल आणि साध्या कपाशीचं तेल वेगळं ओळखायचं कसं? युरोपवाले म्हणतात, टेस्टमध्ये काही सापडो न सापडो, पीक जीएम होतं ना, मग लेबल लावा, चुकून मिसळलेलं 0.9 टक्क्यांपर्यंत माफ. अमेरिकेत 2022 ला लेबल सक्तीचं झालं तेव्हा उलटं, सापडत नसेल तर सक्ती नाही, आणि सूट 5 टक्क्यांपर्यंत. आपल्याकडे खाण्याच्या वस्तूंचे नियम ठरवणाऱ्या एफएसएसएआयच्या 2021 च्या मसुद्यात ही सूट 1 टक्का होती.

मला विचाराल तर युरोपचं पटतं, कारण गिऱ्हाईक फक्त तब्येतीसाठी विचारत नाही, शेतात काय पेरलं हेही त्याला कळायला हवं असतं. पण त्यासाठी शेतापासून घाण्यापर्यंत कागद सांभाळावे लागतात, आणि इथे तर जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढतात तिथे, दहा गावांची सरकी एका ढिगात.

बीटी वांग्याला 2009 मध्ये सरकारी समितीने हिरवा कंदील दिला, फेब्रुवारी 2010 मध्ये तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी ते थांबवलं. परदेशातून सफरचंद आणायचं तर 2021 पासून जीएम नसल्याचं सर्टिफिकेट लागतं. आणि ज्या सरकीच्या तेलात आपण वांग्याचे काप तळू, ते मात्र बीटीचंच.

वाण्याला विचारलं, शेंगदाणा तेलातलं आहे का. म्हणाला आहे, पण महाग पडेल. आईने आधीचंच पाकीट पिशवीत टाकलं होतं.