पोलीस स्क्वॉड! : कलावंत आणि निर्माते

'पोलीस स्क्वॉड!' ही अमेरिकेतील एबीसी वाहिनीवरची अल्पायुषी विनोदी मालिका. ४ मार्च १९८२ रोजी ती सुरू झाली, चार भागांनंतर वाहिनीने ती गुंडाळली आणि तयार असलेले उरलेले दोन भाग जुलैमध्ये दाखवून टाकले. एकूण भाग ६. फ्रँक ड्रेबिन या पोलिसाच्या तपासकथा एवढेच तिचे वरवरचे स्वरूप. सिटकॉममध्ये हमखास ऐकू येणारे ध्वनिमुद्रित हसू तिच्यात नव्हते, आणि पडद्यावर कोणी विनोद केल्याचा आवही आणत नव्हते.

मालिका रचली जिम एब्राहम्स आणि डेव्हिड व जेरी झुकर हे बंधू या तिघांनी. तिघेही विस्कॉन्सिन राज्यातील मिल्वॉकी परिसरातले. तरुणपणी त्यांनी मॅडिसन येथे 'केंटकी फ्राइड थिएटर' नावाने प्रहसने सादर केली, मग लॉस एंजेलिस गाठले. १९८०च्या 'एअरप्लेन!' या चित्रपटाने त्यांचे नाव झाले. १९५७ सालच्या एका गंभीर विमानपटाची कथा, काही संवादांसकट, त्यांनी उचलली आणि विनोदी नटांऐवजी भारदस्त नटांकडून करून घेतली. भूमिका गंभीर आहे असे समजूनच काम करायचे, ही नटांना सूचना. तोच प्रयोग पोलीसकथेवर करायचा, हे या मालिकेचे बीज.

विडंबनासाठी समोर होती १९५७ ते १९६० या काळातली, ली मार्व्हिनची 'एम स्क्वॉड' ही मालिका. बाकीचा साज निर्माते क्विन मार्टिन यांच्या गुन्हेगारी मालिकांचा. त्या मालिकांत निवेदक खर्जातल्या आवाजात भागाचे शीर्षक वाचत असे, कथा अंकांत विभागलेली असे आणि शेवटी उपसंहार येई. इथे निवेदनासाठी मार्टिन यांचेच निवेदक हँक सिम्स यांना आणले. पडद्यावर एक शीर्षक दिसे आणि सिम्स त्याच गांभीर्याने भलतेच वाचत. प्रारंभी ते मालिका 'रंगीत' असल्याचेही जाहीर करत. १९८२ साली अमेरिकेत रंगीत नसलेली मालिका शोधूनही सापडली नसती. आयरा न्यूबॉर्न यांचे जॅझच्या वळणाचे शीर्षकसंगीत मात्र कोणत्याही खऱ्या पोलीस मालिकेला शोभले असते.

ड्रेबिनची भूमिका लेस्ली नील्सन (१९२६–२०१०) यांची. कॅनडात जन्मलेल्या या नटाने तीसेक वर्षे गंभीर कामे केली होती. 'फरबिडन प्लॅनेट'मध्ये अंतराळयानाचा आणि 'द पोसायडन ॲडव्हेंचर'मध्ये जहाजाचा कप्तान ही त्यांची ओळख. 'एअरप्लेन!'मधल्या डॉक्टरने ती मोडली. चांदीसारखे केस, रुंद खांदे, बातम्या वाचाव्यात तसा आवाज. हा माणूस स्वतःची ओळख 'सार्जंट फ्रँक ड्रेबिन, डिटेक्टिव्ह लेफ्टनंट' अशी परस्परविरोधी हुद्द्यांत करून देतो, तेव्हा त्याला आपले काही चुकले आहे याची शंकाही येत नाही. एका प्रसंगात त्याला विचारतात, 'तुम्ही कोण, आणि आत कसे आलात?' तो उत्तरतो, 'मी कुलूप उघडणारा कारागीर आहे. आणि मी कुलूप उघडणारा कारागीर आहे.' दोन प्रश्न, दोन उत्तरे, दोन्ही रीतसर. नील्सन यांनी इथे डोळा मिचकावला असता किंवा ओठांची कड किंचित हलवली असती, तरी वाक्य तिथेच मेले असते.

सोबतचे नटही याच रीतीने निवडलेले. ड्रेबिनचे वरिष्ठ कॅप्टन एड हॉकन झाले ॲलन नॉर्थ. नॉरबर्ग हा ताकदवान, बुद्धीने बेताचा अधिकारी साकारला पीटर लूपस यांनी. 'मिशन: इम्पॉसिबल'मध्ये पथकातल्या बलदंड विलीचे काम त्यांनी केले होते, म्हणजे विनोद इथे त्यांच्याच जुन्या प्रतिमेवर होता. प्रयोगशाळेतील टेड ओल्सन हे पात्र एड विल्यम्स यांचे. ड्रेबिन आत येतो तेव्हा ते लहान मुलांना विज्ञानाचे भलतेच प्रयोग शिकवत असतात. 'टाइनी रॉन' टेलर या उंच नटाने केलेल्या अल या पोलिसाचे डोके पडद्याच्या चौकटीबाहेरच राहते. ड्रेबिन मात्र वर बघून त्याच्याशी बोलतो.

सर्वांत सुबक छोटी भूमिका विल्यम ड्युएल यांची. बूटपॉलिश करणारा जॉनी हा ड्रेबिनचा खबऱ्या. 'मला काय माहीत,' असे तो म्हणतो, हातात नोट पडली की घडाघडा सगळे सांगतो. इथवर ही पोलीसकथेतली नेहमीची चाल. पण ड्रेबिन उठून गेला की त्याच खुर्चीत दुसरे गिऱ्हाईक बसते आणि जॉनी त्यालाही त्याच्या क्षेत्रातला सल्ला विकतो. ही गिऱ्हाइके म्हणजे बेसबॉल संघाचे व्यवस्थापक टॉमी लासोर्डा, मानसशास्त्रज्ञ जॉइस ब्रदर्स, सूत्रसंचालक डिक क्लार्क अशी खरीखुरी प्रसिद्ध माणसे.

श्रेयनामावलीचा खेळ तर याहून पुढचा. तिच्यात 'अब्राहम लिंकनच्या भूमिकेत रेक्स हॅमिल्टन' असे झळकते, नाटकगृहात गोळी घालून मारले गेलेले हे राष्ट्राध्यक्ष लिंकन इथे आपल्या जागेवरून उलटा गोळीबार करतात, आणि मग पूर्ण भागात त्यांचा पत्ता नसतो. पाठोपाठ येतो 'खास पाहुणा कलाकार', तो नाव झळकताच मरतो. 'बोनान्झा' या मालिकेतले लॉर्न ग्रीन भोसकलेल्या अवस्थेत धावत्या गाडीतून बाहेर फेकले जातात, जॉर्ज स्टॅनफर्ड ब्राउन यांच्यावर तिजोरी कोसळते, गायक रॉबर्ट गुले यांना बंदूकधाऱ्यांच्या तुकडीपुढे उभे केले जाते. 'स्टार ट्रेक'चे विल्यम शॅटनर गोळ्या चुकवतात, हायसे होऊन मद्याचा घोट घेतात आणि त्यातल्या विषाने जातात. ब्राउन यांनी एका भागाचे दिग्दर्शनही केले.

पाहुण्यांपैकी विनोदी नट जॉन बेलुशी यांचा पाण्याखालच्या मरणाचा प्रसंग चित्रित झाला होता. मालिका सुरू झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, ५ मार्च १९८२ रोजी, बेलुशी खरोखरच वारले. तो प्रसंग काढून तिथे विल्यम कॉनरॅड यांचा घालण्यात आला.

दिग्दर्शकांत जो दांते हे नाव लक्षात ठेवण्याजोगे. त्यांनी दोन भाग केले आणि दोन वर्षांनी 'ग्रेमलिन्स' हा चित्रपट दिला. पहिला भाग तिघा निर्मात्यांनी मिळून लिहिला व दिग्दर्शित केला. लेखनाच्या फळीत पॅट प्रॉफ्ट, टिनो इन्साना आणि रॉबर्ट वूल होते. भागाचा शेवट चित्र गोठवून करण्याची त्या काळच्या मालिकांची पद्धत. इथे चित्र चालूच राहते, नट मात्र पुतळ्यासारखे थिजून उभे राहतात. एकदा ओतली जाणारी कॉफी कपाबाहेर सांडत राहते. एकदा पकडलेल्या गुन्हेगाराच्या लक्षात येते की सगळे थिजले आहेत, आणि तो पळायची वाट शोधू लागतो.

मालिका का बंद केली, याचे एबीसीचे अधिकारी टोनी थॉमोपुलस यांनी दिलेले कारण अमेरिकी दूरचित्रवाणीच्या इतिहासात अजरामर झाले आहे: ती समजायला प्रेक्षकाला ती पाहावी लागते. 'टीव्ही गाइड' या नियतकालिकाने त्यांची यथेच्छ खिल्ली उडवली. पण कारण हास्यास्पद असले तरी खोटे नव्हते. भाजी चिरता चिरता कानाने ऐकावी अशी ही मालिकाच नव्हती. अर्धा विनोद चौकटीच्या मागच्या कोपऱ्यात घडे, संवाद सरळ असे, आणि आता हसा म्हणून सांगणारे ध्वनिमुद्रित हसूही नव्हते. त्याच वर्षी नील्सन यांना विनोदी मालिकेतील प्रमुख अभिनेत्यासाठी, तर तिघा निर्मात्यांना लेखनासाठी एमी या दूरचित्रवाणी पुरस्काराचे नामांकन मिळाले.

१९८८ साली तिघांनी प्रॉफ्ट यांच्यासह ड्रेबिनवरचा 'द नेकेड गन' हा चित्रपट लिहिला, डेव्हिड झुकर यांनी दिग्दर्शित केला, आणि जे घरात चालले नाही ते चित्रपटगृहात धो धो चालले. तिथे प्रेक्षक अंधारात पडद्याकडेच बघत बसलेला असतो, हा फरक थोडा नव्हे. १९९१ आणि १९९४ साली पुढचे भाग आले. मालिकेच्या मुख्य नटांपैकी नील्सन आणि एड विल्यम्स तेवढे टिकले. हॉकन झाले जॉर्ज केनेडी. नॉरबर्गचा नॉर्डबर्ग होऊन ती भूमिका ओ. जे. सिम्पसन यांच्याकडे गेली. मालिकेत नाव येताच मेलेले गुले दुसऱ्या चित्रपटात खलनायक म्हणून परतले. २०२५ च्या नव्या 'द नेकेड गन'मध्ये ड्रेबिनच्या मुलाची भूमिका लियम नीसन यांना दिली गेली. तेही हाणामारीच्या चित्रपटांत गंभीर चेहऱ्याने वावरलेले नट.