काळं घड्याळ घेताना: रंग वरचा की आरपार?

काळी केस (घड्याळाचं बाहेरचं कवच) पाहायला आलेले ग्राहक बहुतेक वेळा एकच विचारतात, 'रंग जाणार नाही ना?' उत्तर सोपं आहे, पण आधी काळा रंग नेमका कुठे आहे ते पाहायला हवं.

काळ्या स्टीलच्या घड्याळात आत नेहमीचं चंदेरी ३१६एल (घड्याळांत सर्रास वापरलं जाणारं स्टेनलेस) स्टीलच असतं. काळा असतो तो फक्त वरचा थर, जेमतेम काही मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). माणसाचा केस (डोक्यावरचा, घड्याळाची नव्हे) याच्या कितीतरी पट जाड असतो. डब्यावर नुसतं 'पीव्हीडी' लिहिलं असेल तर थर कशाचा आहे, हे जरूर विचारा. पीव्हीडी हे निर्वात कक्षात थर चढवण्याच्या पद्धतीचं नाव आहे, पदार्थाचं नाही. थर डीएलसीचा असेल, तर तो हिऱ्यासारख्या घडणीचा कार्बन असतो. रोजच्या घासाघाशीत तो साध्या काळ्या थरापेक्षा बराच जास्त टिकतो. मात्र घड्याळ दाराच्या कडेवर जोरात आपटलं, खालचं स्टील दबलं, की वरचा कडक पापुद्रा तडकतो. मग काळ्यात पांढरी रेघ उठून दिसते. सगळ्यात आधी लगच्या (पट्टा जिथे जोडतात त्या टोकांच्या) कडा आणि बक्कल उघडं पडतं. साध्या स्टीलसारखं इथे पॉलिश करून भागत नाही, कारण पॉलिशमध्ये थरच निघून जातो.

पण काहींना हीच झीज आवडते. पोर्शे डिझाइनचं १९७२ मधलं काळं क्रोनोग्राफ (स्टॉपवॉच असलेलं घड्याळ) आजही कडा उजळलेल्या अवस्थेत हौसेने घेतलं जातं.

सिरॅमिक, म्हणजे झिर्कोनिया, आरपार काळं असतं. त्याची कठीणता सुमारे १२०० व्हिकर्स (कठीणता मोजण्याचं एकक), तर ३१६एल स्टीलची २०० च्या आसपास. धुळीतली वाळू स्टीलवर ओरखडे काढते, सिरॅमिकवर सहसा नाही. कधी करड्या रेघा दिसतात, तेव्हा घाबरू नका. बऱ्याचदा ती घासल्या गेलेल्या धातूची खूण असते आणि पुसून निघते. पॉलिश केलेलं सिरॅमिक ओल्या दगडासारखं खोल काळं दिसतं. बोटांचे ठसेही तितकेच दिसतात, म्हणून आम्हाला मॅट जास्त आवडतं. पण घड्याळ फरशीवर पडलं तर पोचा येत नाही, टवका उडतो किंवा केस दुभंगते. मग दुरुस्ती नाही, केसच बदलावी लागते.

फोर्ज्ड कार्बन, म्हणजे कार्बनचे तंतू दाबून घडवलेला पदार्थ, अगदी हलका असतो. त्यातले तंतू दिसतात, त्यामुळे दोन घड्याळांची नक्षी कधीच सारखी नसते. एकसंध काळा हवा असेल तर तो घेऊ नका. काळ्या टायटॅनियमला स्टीलचेच नियम लागू, फक्त वजन कमी.

हातातून वस्तू पडत असतील तर डीएलसी घ्या. टेबलावर मनगट घासत काम करत असाल तर सिरॅमिक. ठरत नसेल तर दोन्ही घड्याळं मनगटावर घालून खिडकीपाशी उजेडात पाहा. दुकानातल्या दिव्याखाली सगळं सारखंच काळं दिसतं.