फुफ्फुसपोषक आहार (ग्रामीण विदर्भ)

श्वसनाचे स्नायू बळकट ठेवणारा, श्वासनलिकांचे अस्तर शाबूत राखणारा आणि जंतुसंसर्गाशी लढायची ताकद देणारा रोजचा आहार. विदर्भाच्या खेड्यांत चुलीत पऱ्हाटी आणि तुराट्या (कापूस-तुरीची वाळलेली खोडे) जळतात, जिनिंगमध्ये रुईची धूळ उडते, वणी-चंद्रपूर पट्ट्यात कोळशाची भुकटी असते आणि क्षयरोगही अजून हटलेला नाही. त्यामुळे ताटात काय पडते याला इथे फार महत्त्व आहे. मात्र कितीही चांगले खाल्ले तरी बिडीने आणि धुराने केलेले नुकसान त्याने भरून निघत नाही.

पहिला प्रश्न पोटभर अन्नाचा आणि प्रथिनांचा. श्वास ओढणारा मुख्य स्नायू म्हणजे श्वासपटल. उपासमारीत तो हातापायांच्या स्नायूंसारखाच झिजतो आणि खोकून कफ बाहेर टाकण्याचा जोर उरत नाही. क्षयाचे तर भुकेशी जुनेच सख्य आहे. झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या घरच्या माणसांना दरमहा जादा तांदूळ, डाळ आणि सूक्ष्मपोषके दिली, तेव्हा त्या घरांत नव्याने होणारा क्षय सुमारे 39 टक्क्यांनी कमी आढळला. हा अभ्यास 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. केंद्र सरकारच्या निक्षय पोषण योजनेत रुग्णाला 2018 पासून महिना 500 रुपये मिळत. नोव्हेंबर 2024 पासून ते 1000 झाले. ही रक्कम डाळ, अंडी आणि दूध यांवरच खर्च व्हावी, हे घरच्यांनी पाहायला हवे.

ज्वारीची भाकर आणि तुरीचे वरण ही जोडी प्रथिनांच्या दृष्टीने उत्तम आहे. एकीत जे कमी ते दुसऱ्यात मिळते. चून-भाकर (चून म्हणजे बेसनाचे पिठले) आणि पालकाची डाळभाजीही त्याच तोडीची. भंडारा-गोंदियाकडे मामा (माजी मालगुजारी) तलावांतली मासळी यात मोलाची भर घालते.

पालेभाज्यांत मुंगण्याचा (शेवग्याचा) पाला, तरोटा, चिवळ आणि अंबाडी या घरच्या किंवा बांधावरच्या. गडद हिरव्या पाल्यातल्या बीटा-कॅरोटीनपासून शरीर अ जीवनसत्त्व बनवते आणि श्वासनलिकांचे ओलसर अस्तर त्यावर टिकून राहते. भाजीला थोडे तेल असले की ते नीट शोषले जाते. तणनाशकाच्या फवाऱ्याने बांधावरच्या या भाज्याही जळतात, याची मोठी खंत वाटते. फवारलेल्या शेतातला पाला तर खुडूच नये. क जीवनसत्त्वासाठी वरुड-मोर्शीचा संत्रा आहेच, पण आवळ्यात ते त्याहून कितीतरी जास्त असते.

जवसाची चटणी विदर्भाची खास. तव्यावर जवस तडतडेपर्यंत भाजायचा, सुक्या लाल मिरच्या, लसूण आणि मीठ घालून कुटायचा, वरून कच्चे तेल घेऊन भाकरीशी खायचा. जवसात ओमेगा-3 वर्गातले स्निग्धाम्ल भरपूर असते आणि शरीरातला दाह आटोक्यात ठेवायला ही स्निग्धाम्ले मदत करतात. अख्खा दाणा मात्र पचत नाही, तसाच बाहेर पडतो. म्हणून कुटणे महत्त्वाचे.

लहान मुलांत कुपोषण आणि न्यूमोनिया हातात हात घालून येतात. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच कार्यकर्त्यांना न्यूमोनिया ओळखून औषध द्यायला शिकवले आणि न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू घटले. तो अभ्यास 1990 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. औषधाची वेळच येऊ नये यासाठी पहिले सहा महिने फक्त आईचे दूध, पुढे त्यासोबत वरण, अंडे, भाजी.

जुनाट धाप असलेल्यांनी एकदम पोटभर जेवू नये. भरलेले पोट श्वासपटलाला वर दाबते आणि दम लागतो. दिवसातून चार-पाच वेळा थोडे थोडे खावे.

बाजारातल्या गोळ्यांबाबत सावध राहावे. फिनलंडमध्ये 29 हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या चाचणीत बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांना फुफ्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी जास्तच झाला, असे 1994 मध्ये दिसून आले. बिडी ओढणाऱ्याने अशी गोळी घेऊ नये. मुंगण्याच्या भाजीला ही बंदी लागू नाही.